दुसऱ्याचं माप

दिवसभर दातांत टाचण्या धरून कपडे बेतणारा माणूस इंजेक्शनच्या सुईला घाबरतो, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. पण मास्तर घाबरायचे. रक्तदाबानं त्यांच्या किडन्या निम्म्या निकामी केल्या होत्या, रक्त तपासणं काही चुकत नव्हतं, आणि दर वेळी बायको त्यांचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरायची. "झालं, झालं," म्हणायची. तेव्हा कुठे सिस्टरचं काम व्हायचं.

म्हणून दवाखान्यानं फुंकरीचं नवं यंत्र घरी वापरून बघायला दिलं, तेव्हा मास्तरांना स्वर्ग दोन बोटं उरला. रोज सकाळी नळीत फुंकायचं. किडनी थकली की श्वासात अमोनिया वाढतो. यंत्र तो हुंगणार आणि आकडा थेट दवाखान्यात जाणार. आकडा चढला तरच सुई.

पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस! थोड्याच दिवसांत मास्तरांना रोज वाटायला लागलं, आज आकडा चढणार, आज आपल्याला डायलिसिसला बसवणार. एका सकाळी त्यांनी नळी बायकोपुढे धरली.

"तू फुंक. मला आज दम लागलाय."

"अहो, ही काय शाळेतली हजेरी आहे?"

"एवढा आजचा दिवस गं."

तो आजचा दिवस काही संपेना. आणि गंमत बघा, कुणी भावाचं माप देऊन स्वतःचा शर्ट शिवायला टाकला, की हेच मास्तर त्याची खरडपट्टी काढायचे. ज्याच्या अंगात जायचंय त्याचंच माप हवं, म्हणायचे.

मग एका दुपारी फोन आला. मास्तर कापड कापत होते, बायको समोर बसून काजं करत होती.

"मास्तर, तुमचा आकडा रोज चढतोय," सिस्टर म्हणाल्या. "खात्री रक्तानंच होईल, पण आजच या."

मास्तरांना आधी हायसं वाटलं, लाज वाटावी इतकं. आपला कुठला आकडा? मग त्यांची नजर समोर गेली. बायकोचे पाय चपलेत मावत नव्हते. ब्लाउजची बाही दंडात रुतली होती. तीच बाही त्यांनी दोनदा उसवून सैल केली होती, "खात्यापित्या घरची दिसतेस" असं चिडवत. तिची सूज सगळ्यांच्या आधी त्यांच्याच बोटांना जाणवली होती, आणि त्यांनी तिला जागा करून दिली होती.

त्यांनी हातातलं कापड बाजूला सारलं. कसंबसं त्यांनी तिला सांगितलं.

"मला काय धाड भरलीय?" ती दोरा तोडत म्हणाली. पण पुढचं काज तिनं केलं नाही.

दवाखान्यात मास्तरांनी सगळं कबूल केलं. सिस्टरनी जे सुनावलं ते मान खाली घालून ऐकलं. रक्त आता दोघांचंही घ्यायचं ठरलं. आधी तिचं. बाही वर सरकेना, तेव्हा मास्तरांनी खिशातली छोटी कात्री काढली. बाहीची शिलाई ते टाका टाका उसवायला लागले.

"नीट उसवा हो. पुन्हा शिवायचीय," ती हसून म्हणाली. मग सिस्टरच्या हातातली सुई दिसली आणि हसू मावळलं.

"अहो, मला भीती वाटतेय."

इतक्या वर्षांत हे तिच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी तिचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं. "झालं, झालं," ते म्हणत राहिले, आणि सुई आत जाताना त्यांनी डोळे उघडे ठेवले.