मामांचं पूर्ण पान

लग्नाच्या स्वयंपाकात किस्से कसे साठतात, ते भाजी चिरायला बसल्याशिवाय कळायचं नाही. मांडवामागे सुरणाचा डोंगर पडलेला असतो, हात गुंतलेले असतात आणि तोंडं मोकळी. एकानं एक सांगितलं की दुसऱ्याला दुसरं आठवतं. सालींचा ढीग आणि किस्स्यांचा ढीग बरोबरच वाढत जातो. साली गाय येऊन खाते. किस्से मात्र तसेच राहतात.

आमची टोळी मद्रासची, मैलापूरची. बोलणं तंजावरकडचं मराठी, सांबार-सार तमिळ. मुख्य आचारी व्यंकूमामा, माझ्या आईचे भाऊ. आठवीत शाळा सुटली तेव्हा मी त्यांच्या टोळीत आलो आणि इतक्या वर्षांत भात वेळायला, पेज निथळायला, शिकलो. सुब्बण्णा भाजी चिरतो आणि बोलतो. म्हणजे बोलतो जास्त. मला चारचौघांत सांगता येत नाही, कान गरम होतात. म्हणून मामांच्या वेळचे हे किस्से लिहून काढतो आहे.

*

आमच्याकडे जेवण झालं की केळीचं पान मिटायचं असतं. शुभकार्यात वरचा अर्धा भाग आपल्याकडे मिटायचा. तेराव्याच्या जेवणात उलट, खालचा भाग उचलून आपल्यापासून दूर मिटायचा. मद्रासमध्ये शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण पुण्याहून आलेल्या पाहुण्याला कसं असणार?

एका लग्नात पहिल्या पंगतीला अशाच एका पाहुण्यानं समाधानानं ढेकर दिला आणि पान दूर मिटलं!

पंगतीतले हात पानावरच थांबले. नवऱ्या मुलाची आई उभी राहिली. तेवढ्यात मामा आतून धावत आले. तेव्हा ते दोनशे पौंडांच्या वर होते, ते धावले की पाट हलायचे. हातात पायसमचं, शेवयांच्या खिरीचं, भांडं. मोठ्यानं म्हणाले, "अहो, यांना अजून पायसम हवंय!" आणि पाहुण्याचं पान सरळ उघडून त्यात डावभर पायसम ओतलं. पाहुणा "नको नको" म्हणतोय आणि मामा कानात सांगतायत, "खा. आणि आता तुमच्याकडे मिटा."

लग्न सुखरूप पार पडलं.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी, मांडवामागे उभ्याउभ्या, उरलेला भात ताकात कालवून खाताना मामा म्हणाले, "रघू, तीस वर्षं लोकांना पंगतीत बसवलं, मी एकदाही बसलो नाही. कमळीच्या लग्नात बसणार. मिठापासून ताकभातापर्यंत पूर्ण पान जेवणार. काहीही झालं तरी!"

कमळी त्यांची एकुलती एक मुलगी.

*

मग मामांचं पोट दुखायला लागलं. वर्षभर सोडा पिऊन काढलं. शेवटी सरकारी इस्पितळात नेलं. पोटाचे चार भाग केले तर त्यातले तीन काढून टाकले, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मामी घाबरून म्हणाली, "मग उरलं किती?"

डॉक्टरांनी स्वतःची मूठ दाखवली, मग तीही थोडी आवळली.

मामा पडल्यापडल्या मुठीकडे बघत होते. म्हणाले, "डॉक्टर, भात मोकळा शिजवला तर किती शितं बसतील?"

डॉक्टर हसले. मग मला बाहेर घेऊन गेले. बाहेर हसले नाहीत.

"तंबी, तो साधा अल्सर नव्हता. काढता आलं तेवढं काढलं. एखादं वर्ष मिळेल. तोवर थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायला घाल. नीट खाल्लं तर दिवस बरे जातील. घरच्यांना तूच सांग."

मी "सरी, बरं" म्हटलं.

बाकावर मामी आणि कमळी बसल्या होत्या. मामीनं विचारलं, "काय म्हणाले?"

"दिवसातून सहा वेळा खायचं म्हणाले."

मी मुळात कमी बोलणारा. त्यामुळे कुणालाच संशय आला नाही.

*

प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, असा हुकूम होता. मामांना मोजता यायचं नाही. दहा झाले की त्यांचं लक्ष चुलीकडे जायचं. मग मी मामीची जपमाळ घेऊन समोर बसायला लागलो. एक चावणं, एक मणी. पाव इडलीला अर्धा तास!

एकदा आम्ही देवळाच्या तळ्यापाशी पायरीवर असेच बसलो होतो. मामा डोळे मिटून चावतायत, मी माळ ओढतोय. एक म्हातारी बाई थांबली. आधी मामांना नमस्कार केला, मग मला. म्हणाली, "किती शांत चेहरा! कुठला मंत्र, बाबा?"

मामांच्या तोंडात घास. उत्तर मलाच द्यावं लागलं.

"इडलीचा," मी म्हटलं.

मामांना हसू आलं आणि घास बाहेर. पुन्हा एकपासून!

*

खरी पंचाईत वेगळीच होती. आमच्या टोळीत नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी काही तोंडात घालायचं नाही. मामांनी उभ्या आयुष्यात सांबार चाखून पाहिलं नव्हतं. वासावर मीठ ओळखायचे. लग्नात नैवेद्य व्हायला दुपार होते, आणि डॉक्टर म्हणतात दर दोन तासांनी खा!

मामा ऐकेनात. दोनदा घेरी येऊन पडले, तरी "देवाच्या आधी नाही."

शेवटी मामीनं घरातला बोटभर बाळकृष्ण पानसुपारीच्या डब्यात ठेवला आणि डबा माझ्याकडे दिला. दर दोन तासांनी मी डबा उघडायचा, चमचाभर मऊ भात देवापुढे धरायचा, पाणी फिरवायचं, आणि मग तो प्रसाद मामांना द्यायचा. प्रसादाला मामा नाही म्हणू शकत नव्हते.

महिनाभर असं चाललं. एक दिवस मामांच्या गालांची हाडं बघत सुब्बण्णा म्हणाला, "रघू, डब्यातला देव जरा वजनदार झालाय का बघ. जेवण कुणाला तरी लागायलाच हवं!"

सगळे हसले. मामाही हसले. मी डबा हातात घेऊन उगाच पुसत बसलो.

*

त्रिप्लिकेनचे एक मोठे व्यापारी नातवाच्या मुंजीचं जेवण ठरवायला आले. इतके जाड, की रिक्षातून उतरायला दोघं लागायचे. मांडवामागे येऊन मामांच्या समोरच उभे राहिले आणि मामांनाच म्हणाले, "व्यंकूमामा कुठे आहेत?"

"मीच."

व्यापारी बघतच राहिले. मग एकदम खूश झाले. "अय्यो, केवढे बारीक झालात! कसं केलंत? मी दोन वर्षं नुसती फळं खातोय, एक पौंड उतरत नाही."

मामा म्हणाले, "पोट कापलं."

"पोट कापून असं होतं? मग मलाही कापून घ्यायचंय! पत्ता द्या डॉक्टरचा. पैसे किती लागतील ते लागोत!"

मामांनी त्यांना पाटावर बसवलं. मोठं पान मांडलं. पोळी, तुपाची धार, वांग्याचं डाळ घातलेलं कुट्टू, दोन वड्या, वर पेरुंगुडीच्या म्हशीचं दही. म्हणाले, "पत्ता देतो. आधी जेवून घ्या. नंतर जमायचं नाही."

व्यापारी पोटभर जेवले. मामा समोर बसून प्रत्येक घास बघत होते. हात धुऊन व्यापारी गेले, ते पत्ता मागायचा विसरूनच!

*

गोड मामांना वर्ज्य होतं. गोड खाल्लं की ते सरळ खाली उतरायचं, छाती धडधडायची, घाम फुटायचा. पण आपल्या लोकांचा आग्रह! एका घरच्या आजीबाईंनी हात धरून अख्खी जांगरी, उडदाची जिलबी, मामांच्या तोंडात घातली. "आजारी माणसानं तर खावंच!"

दहा मिनिटांत मामा तांदळाच्या पोत्यांवर आडवे. अंग थंड, ओठ पांढरे. आजीबाई रडायला लागल्या, कुणी मिरच्या-मीठ घेऊन दृष्ट काढायला धावलं. मी वारा घालत होतो आणि मनात म्हणत होतो, आज नको, कमळीचं लग्न होऊ दे.

मामांचे ओठ हलले. मी कान खाली नेला.

"रघू," ते म्हणाले, "पाक दोनतारी झालाय. दुसऱ्या पंगतीच्या आधी पाणी मार."

*

मामीनं ठरवून टाकलं होतं, मामा भरून आल्याशिवाय कमळीचं लग्न काढायचं नाही. "बाप असा दिसला तर व्याही काय म्हणतील? वजन वाढू दे, मग बघू. पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष! डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष तोवर संपणार होतं. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

मुलगा तांबरमचा, शाळेत मास्तर होता. बोलणी करून आम्ही परत निघालो. व्याह्यांनी रीतीप्रमाणे पान-सुपारीबरोबर नारळ दिले होते. तांबरम स्टेशनवर वजनाचं यंत्र आहे, नाणं टाकलं की वजनाचं तिकीट येतं. मामा दर महिन्याला अशाच एका यंत्रावर वजन करायचे, आणि दर महिन्याला मामी तिकीट बघून फाडून टाकायची.

त्या दिवशी मामांनी शाल घट्ट लपेटून घेतली होती. यंत्रावर चढले. तिकीट आलं. मागच्या वेळेपेक्षा चार पौंड जास्त!

मामी प्लॅटफॉर्मवर रडली. समोरच्या अनोळखी बाईला तिकीट दाखवलं. "चार पौंड, अम्मा! चार!" आणि तिथल्या तिथे म्हणाली, "तै महिन्यातलाच मुहूर्त धरू."

तै महिना संक्रांतीला लागतो, त्याला दोन महिने होते.

गाडीत मामी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली तेव्हा मामांनी शालीखालून दोन नारळ काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

"घे," म्हणाले, "चटणीला होतील."

मला वाटलं, मुलीच्या लग्नाची हौस. दुसरं काही मनात आलं नाही.

*

कमळीचं लग्न लागलं. सुब्बण्णानं चूल सांभाळली. व्याह्यांनी मामांना हाताला धरून आपल्या शेजारी पहिल्या पंगतीला बसवलं. मामांचं उपरणं खांद्यावर राहत नव्हतं, मी दोनदा नीट केलं.

पूर्ण पान मी वाढणार होतो. आठ दिवस मनात तेच घोळत होतं. मोठं पान मांडलं, इतरांसारखंच. कोपऱ्यात मीठ, चार कण. मग कोशिंबीर, तीन तुकडे. कुट्टू, बोटावर मावेल एवढं. सुब्बण्णानं पळीत तूप तापवून सदऱ्याच्या बटणाएवढी वडी तळली होती. पापड नखाएवढा. लाडू म्हणून एकच बुंदी. जांगरी मीच केली होती, दहा नव्या पैशांच्या नाण्याएवढी, एकतारी पाकातली. सांबाराला सात शितं, साराला सात, ताकाला सात. एकही पदार्थ चुकला नव्हता.

मामांनी पानाकडे पाहिलं. बाजूला व्याह्यांचं पान भरून वाहत होतं. मामांच्या पानावर हिरवाच जास्त दिसत होता.

"सगळं आलंय," ते म्हणाले.

मी डबा उघडून देवाला दाखवलं. मग मामा जेवले. मिठापासून ताकभातापर्यंत, रीतीनं, क्रम न चुकवता. त्यांच्यासाठी सगळी पंगत हात राखून जेवली. मामी खांबाआडून बघत होती. शेवटचं शीत संपलं तेव्हा मामांनी डोळे मिटून छोटासा ढेकर दिला.

आणि पान मिटलं. तेराव्याला मिटतात तसं, दूर.

व्याही दुसरीकडे वळून कुणाशी तरी बोलत होते. मामी पदरानं डोळे पुसत होती. फक्त मी पाहिलं. मामांचा हात पानावर तसाच होता, आणि ते माझ्याकडे बघत होते.

माझे कान गरम झाले. पायसमचं भांडं शेजारीच होतं. ते उचललं आणि ओरडलो, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा.

"अहो, मामांना अजून पायसम हवंय!"

पंगत वळली. मी वाकून पान सरळ उघडलं आणि पळीच्या टोकानं शेवयाचा एक तुकडा त्यावर ठेवला.

मामांनी तो उचलून तोंडात घातला आणि चावू लागले. मी समोर उभा राहून मनात मोजत होतो. बत्तीस झाले.

मग त्यांनी पान आपल्याकडे मिटलं, वरून हात फिरवला आणि म्हणाले, "रघू, आवाज आहे की रे तुला!"