शपथेनंतर
परवा कामठीच्या बसमध्ये विडीचा वास आला आणि मी शिकवत होते तेव्हाचा नववीचा वर्ग आठवला. मुलं विड्या ओढतात म्हणून आम्ही सगळ्यांना भर उन्हात मैदानावर उभं करून शपथ दिली होती. आठवड्याने कन्हानचा एक मुलगा प्रयोगशाळेत आला आणि खाली बघत म्हणाला, “बाई, शपथ त घेतली जी, पण विडी सुटून नाही राहिली. घरी मायच विड्या वळते.” “तलफ आली की इथे येऊन बस,” एवढंच मी म्हटलं. मग तो रोज मधल्या सुट्टीत येऊन माझ्यासोबत परीक्षानळ्या धुवायचा. दिवाळीच्या सुमाराला म्हणाला, “महिना झाला जी, एकबी नाही ओढली.” शपथ घेतलेल्या बाकीच्या मुलांना मात्र मी कधी काही विचारलं नाही, हे आता खटकतं.