अंगणातली मोटरबोट

काल समोरच्या घरात कोणीतरी रॉकेलच्या बोळ्याने खिडकीच्या गजांवरचा गंज काढत होतं. त्या वासासरशी मी साठ सालच्या आसपासच्या अमरावतीत, माझ्या भाड्याच्या घराच्या अंगणात जाऊन बसलो.

बदलीवर आलो होतो. गावात ओळखीचं कोणी नव्हतं. लष्करी भंगाराच्या लिलावात ॲल्युमिनियमची एक पोचे पडलेली मोटरबोट दिसली आणि घेऊन टाकली. बोटीतलं मला काहीच कळत नव्हतं. रोज संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्याने पुसून पॉलिश पेपरने ती घासत राहायचो. राखाडी भुकटी हातांना चिकटायची, ओठांवर तिची धातूची चव यायची.

शेजारचे कापडवाले रशीदभाई एकदा कुंपणाशी थांबले. "हे काहून घासून राहिले साहेब? अमरावतीत कुठी समुद्र हाये?"

मग ते रोजच येऊ लागले. त्यांच्यामागून गल्लीतले आणखी काहीजण आले. मी घासायचो, ते सल्ले द्यायचे, चहा व्हायचा.

शेवटी बैलबंडीवर घालून बोट वडाळी तलावावर नेली. गल्लीतल्याच एकाने दुरुस्त केलेली मोटर सुरू झाली. थेंबभरही पाणी आत आलं नाही. काठावरून सगळे हात हलवत होते. बोट तलावाच्या चौकीदाराकडे ठेवून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा टाकला, अंगणात खुर्च्या मांडल्या. रशीदभाई फाटकाशी आले. रिकामं अंगण पाहून म्हणाले, "झालं नं तुमचं काम. आता करा आराम."

ते घरी गेले. त्यांना थांबवायला बोटीशिवाय दुसरा विषय माझ्याकडे नव्हता. चहा एकट्यानेच प्यालो, आणि वाटलं, कुठेतरी गळायला हवी होती ती.