मनोहरला न दिलेलं इंजेक्शन

गेल्या भाद्रपदातला एक रविवार, रक्कम आठ लाख, आणि मुलुंडच्या एका इस्पितळात आयसीयूबाहेर आम्ही तिघे : मी, मनोहरचा मित्र, त्याची बायको सुनीतावहिनी आणि खासगी क्लिनिकचा एक गोडबोल्या माणूस. पित्ताशयातला जंतुसंसर्ग रक्तात पसरून मनोहरला सेप्सिस झाला होता, फुप्फुसं सुजली होती, तो व्हेंटिलेटरवर होता. स्टेम सेलचं इंजेक्शन ही सूज उतरवतं, असं त्या माणसाचं म्हणणं. निम्मे पैसे आधी, रोख.

गावाहून मनोहरच्या आईचा, आयेचा फोन आला होता. तिने गुरवाकडून देवाला कौल लावला होता. उजवा मिळाला, म्हणजे देवाचा होकार, इंजेक्शन द्या.

मी आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या सरळ बोलल्या, "काका, ह्या पेशींवर अभ्यास चालू आहेत, आशा आहे. पण ह्या आजारात उपयोग होतो हे अजून सिद्ध नाही. आणि रीतसर चाचणीत पेशंटकडून असे पैसे घेत नाहीत." मी त्या माणसाकडे परवानगीचा कागद मागितला. "अहो काका, पेशंट तिकडे जातोय आणि तुम्ही कागद कसले बघताय? कांदिवलीचा आमचा एक पेशंट चालत घरी गेला!"

आता वहिनी पुढे सरकल्या. मनोहर लिफ्ट दुरुस्त करायचा. काम झालं तरी रिकामी लिफ्ट तीनदा वरखाली केल्याशिवाय कुणाला आत सोडायचा नाही. आमच्या सोसायटीतल्या बायका पिशव्या घेऊन ताटकळायच्या, शिव्या घालायच्या. "एकदा चालली ते नशीब," तो म्हणायचा, "तीनदा चालली तर मशीन."

"एकच चालला ना?" वहिनींनी विचारलं. तो माणूस चाचरला. "मग नको," वहिनी म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मनोहर गेला... त्यानंतर वहिनी जेवेनात. एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, मी पैसे वाचवले की नवरा घालवला?" खरी धास्ती आयेची होती. देवाने हो म्हटलेलं सुनेने मोडलं होतं.

तेराव्याला गावच्या घरी वहिनींनी स्वतःच विषय काढला. "आये, मी कौल मोडला."

म्हातारी बोटं चोळू लागली. "उजवो दिल्यान, खरा. पण तिसऱ्या खेपेक. पयले दोनदा डावोच दिल्यान. आवशीचा काळीज गो... परत परत मागलंय. तुका सांगूक नाय."

वहिनी रडता रडता हसल्या. "आये, देवाला दमवलंत हो!"

"मगे? पोटचो झील होतो माझो."

त्या दुपारी वहिनींनी भात मागून घेतला. मला इतकं हलकं वाटलं की मीही दुसऱ्यांदा वाढून घेतला.

इस्पितळाचं उरलेलं बिल मी आधीच त्यांच्या काउंटरवर भरून पावती वहिनींना दिली होती. क्लिनिकवाल्याला काही दिलं नाही. गुरवाची दक्षिणा, एकशे एक रुपये आणि नारळ, मी द्यायला निघालो तेव्हा वहिनींनी अडवलं. तीन वेळा देवाला गाऱ्हाणं घातलंय त्यांनी, म्हणाल्या, आणि देवळात जाऊन तीनशे तीन रुपये स्वतः त्यांच्या हातावर ठेवून आल्या.