पाण्याखालचं खळं

धरणाच्या फुगवट्यात एक वाडी उरली आहे, चारी बाजूंनी पाणी. मी नर्स, लसीचा डबा घेऊन पहिल्यांदाच तिकडे निघाले होते. पोहता येत नाही, त्यात वारा सुटलेला. मी होडीची फळी घट्ट धरून बसले होते आणि होडीवाले म्हातारबा वल्हं काखेत दाबून निवांत तंबाखू मळत होते.

मध्येच म्हणाले, "बाई, चपला काढा. खाली आमचं खळं हाय."

त्यांनी स्वतःच्या आधीच काढल्या होत्या. खळं बुडून एक पिढी गेली, तरी धान्याच्या जागेवरून पायताण घालून जायचं नाही. मीही काढल्या.

"लई खोल आहे का हो?" मी फळी न सोडताच विचारलं.

"असंल की. पण भ्यायचं कशाला? आपल्याच वावरात कोण बुडतं व्हय?"

मला हसू फुटलं. फळीवरची मूठ कधी सुटली, कळलंही नाही.

वाडीतल्या पोरांना लसी देऊन परतताना वारा तसाच होता. या वेळी त्यांनी सांगायच्या आतच मी ऐटीत चपला काढून मांडीवर घेतल्या.

म्हातारबांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाला, घाला बाई. ह्यो अजून गोठाच हाय. शेणात पाय भरतील."