कट्ट्यावरचा पेला

नोकरी नव्हती त्या आठ महिन्यांतले पाच महिने मी रोज संध्याकाळी चोरून एक पेला दूध पीत होतो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. कुणी म्हणेल, दूधच प्यायलास ना, दारू तर नाही? दारू प्यायलो असतो तर वासावरून घरी कळलं असतं, दोन दिवस भांडण झालं असतं आणि विषय संपला असता. दुधाचा विषय संपला नाही.

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पेठेत भाड्याच्या दोन खोल्या, सकाळी घरी दुधाचा रतीब आणि संध्याकाळी माझा दुधाचा कट्टा.

कट्टा अजून आहे, पण तेव्हाची मजा वेगळी होती. दिवेलागणीच्या सुमारास गवळी म्हशी घेऊन यायचा. शिंगांना तेल लावलेलं, गळ्यात घंटा, अंग धुऊन काळंकुळकुळीत चमकणारं. तालमीतून सुटलेली पोरं, दुकानं आवरून आलेली माणसं पायऱ्यांवर बसायची. गवळी समोरच पेल्यात धार काढायचा. पेला हातात यायचा तेव्हा कोमट असायचा, आणि वर बोटभर फेस. मी नववीत असताना वडिलांनी मला पहिल्यांदा तिथे उभं केलं होतं. त्या पायऱ्यांवर पेठेतल्या सगळ्या बातम्या कळायच्या. कोण आला नाही हेही कळायचं.

कारखान्याच्या ऑर्डरी थांबल्या. मालक म्हणाले, "चार दिवस घरी थांबा, बोलावतो." चार दिवसांचा महिना झाला तेव्हा बायको म्हणाली,

"अहो, रतीब बंद करूया की."

"आणि तू?" तिला तेव्हा तिसरा महिना होता.

"मला काय हुतंय? मला तसंबी दुधाचा वास सोसंना आता."

तिचं माहेर कोडोलीचं. घरात दोन म्हशी. दुधाची साय भाकरीवर घेऊन खात वाढलेली मुलगी ती. तिला वास सोसत नाही हे खोटं आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मलाही भरून आलं. म्हटलं, "मग मीपण कट्टा सोडला आजपासून." तिने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. लग्नानंतरच्या दोन वर्षांत तिने तसं पाहिलं नव्हतं.

मी चार दिवस खरंच गेलो नाही. पाचव्या दिवशी त्या रस्त्याने जाताना गवळ्याने सगळ्यांसमोर हाळी दिली, "का रं, कुठं गेलतास? बायकोनं दूध तोडलं काय तुझं?"

पायऱ्यांवरचे सगळे हसले. मीही हसलो, आणि पेला घेतला. तेव्हा वाटलं, नाही घेतला तर उद्या सगळ्या पेठेला कळेल की ह्याच्या घरात चूल थंड आहे. आज कळतं की नोकरी गेल्याचं अर्ध्या पेठेला आधीच माहीत होतं.

दूध फुकट मिळत नव्हतं. बायको शेजारच्या शिंपीणबाईंकडून ब्लाऊज आणून त्यांना हुकं लावायची, काजं करायची. त्यातून मला बसभाडं द्यायची. कळंब्याला कुणी माणूस घेतोय म्हणे, शिरोलीला एक जागा आहे म्हणे, असं रोज काहीबाही कानावर यायचं आणि मी निघायचो. जाताना चालत, येताना चालत. वाचलेलं भाडं संध्याकाळी गवळ्याच्या हातावर. मग कोपऱ्यावरच्या नळाला मिशी धुवायची आणि घरी यायचं.

"पाय किती सुजलेत तुमचे," ती म्हणायची. "उभंच ठेवत्यात व्हय दारात?"

"हं," मी म्हणायचो. ती पाण्यात मीठ टाकून पाय शेकायची, तिच्या वाढलेल्या पोटामुळे तिला नीट वाकता यायचं नाही.

इथवर वाचून वाटेल की मी तिच्याशी निदान गोड वागत असेन. तसंही नव्हतं. ती जितकं सोसायची तितका मी चिडायचो. ताटात तिने मला एक भाकरी जास्त वाढली की, "मी काय पैलवान आहे काय?" म्हणून ओरडायचो. कोरा चहा पुढे आला की, "ह्याला काही चव आहे काय?" असं विचारायचो, आणि तासाभरापूर्वीचं दूध पोटात असायचं. ती उलट बोलायची नाही. आधी ती खूप बोलायची, हसायची, शेजारणींच्या नकला करायची. त्या आठ महिन्यांत तिने नकला बंद केल्या. रतीब बंद झाला तशाच.

नोकरी गेल्याचं माहेरी कळवायचं नाही, हे तिनेच ठरवलं होतं. पण बेकारीच्या सहाव्या महिन्यात तिचे वडील बाजाराला कोल्हापुरात आले आणि ओली शेंग घेऊन थेट घरी गेले. मी घरात नव्हतो.

मी कट्ट्यावर होतो. पेला तोंडाला लावलेला असताना समोर धोतर दिसलं, मग वरचा फेटा.

"काय पावणं," सासरे म्हणाले.

मी पेला खाली ठेवायला गेलो.

"प्या की. टाकू नका. दूध हाय ते."

गवळ्याने त्यांना विचारलं, "पावणं, तुम्हाला काढू?"

"नको. घरी हाईत की दोन म्हशी." त्यांनी कनवटीला हात घातला आणि माझ्या पेल्याचे पैसे दिले. जावयाला देऊ देतील कसे?

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत ते म्हणाले, "लेकीनं मघाशी कोरा चा दिला मला. म्हटलं, दूध का न्हाय? तर म्हणाली, ह्यांनी कट्टा सोडलाय, मग मी एकटी कशी पिऊ?"

त्यांच्या हातातली पिशवी मी माझ्याकडे घेतली.

"पोटुशी हाय ती."

कोडोलीची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले, "मी न्हाय सांगणार. नवरा-बायकोत मी कशाला येऊ? तुमीच सांगा. पण सांगा."

त्या दिवसापासून मी कट्टा खरंच सोडला. सांगितलं मात्र नाही. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला, आणि मग एके सकाळी कोडोलीहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर सासऱ्यांनी दुधाची किटली पाठवली. बायकोने दूध तापवलं, घरात कितीतरी दिवसांनी तो वास आला. तिने पेला भरला, थोडा निववला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या. किती दिस झालं तुम्ही घेतलं न्हाय."

मी तो घेतला. सगळा प्यायलो. कट्ट्यावरच्या सगळ्या पेल्यांचं मला एवढं वाटत नाही, जेवढं त्या एकाचं वाटतं.

"आणि तू?"

"मला वास सोसंना, म्हटलं की."

उरलेल्या दुधाला तिने विरजण लावलं. किटली आठवड्याला येत राहिली आणि दर वेळी पहिला पेला मलाच मिळत राहिला. आठव्या महिन्यात मला दुसऱ्या एका कारखान्यात स्टोअरचंच काम मिळालं. मुलगी झाली, अंगाने बारीक पण धडधाकट. रतीब पुन्हा लागला. हळूहळू बायको बोलायला लागली, शेजारणींच्या नकलाही परत सुरू झाल्या. दूध मात्र ती पुन्हा प्यायली नाही. "सवय मोडली आता," म्हणाली.

मुलगी आता कॉलेजात जाते. पाहुणे आले की ती स्वयंपाकघरातून सांगते, "आईला नको, तिला दूध चालत नाही." बायकोही मान डोलावते. मी पेपरात डोकं घालून बसतो. संध्याकाळी हल्ली कट्ट्यावर बायकामुलंही येतात. मुलगी हट्टाने आम्हाला घेऊन जाते, बायको पायऱ्यांपाशी उभी राहून म्हशींकडे बघत राहते. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा कोडोली असते.

सासरे गेले त्याला चार वर्षं झाली. शेवटचं भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते. बायको पाणी आणायला आत गेली तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "सांगितलं न्हवं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

आता हा मजकूर छापून कुणाच्या हाती पडण्याआधी मला माझ्या बायकोसमोर बसून, तोंडाने सांगायचं आहे की मी कट्टा सोडला नव्हता. एवढं तिचं आणि तिच्या वडिलांचं माझ्याकडे बाकी आहे.