बॅरल घट्ट बसली होती

चाळिशी आली की लोक गिटार शिकतात, महागडी सायकल घेतात. माझ्या नवऱ्याने रायफल आणली. इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलच्या गॅरेजमध्ये, गवत कापायच्या मशीनशेजारी. गोळी मारायची ती कागदाच्या निशाण्यावरच, पण शेवटी रायफल ती रायफल. मला पहिल्या दिवसापासून तिची भीती वाटायची आणि मी ती भीती लपवलीही नाही. निदान दुकानातून आली तशी वापर म्हटलं, तर तेही नाही. मेकॅनिकलवाला ना! त्याला जुनी बॅरल काढून नवी स्वतःच्या हाताने बसवायची होती.

बॅरल म्हणजे पुढची नळी. ती आटे फिरवून मधल्या भागात, अ‍ॅक्शनमध्ये, बसवतात. ती किती घट्ट आवळायची यावरून नेटवर माणसं हमरीतुमरीवर आलेली होती. कोणी म्हणे बेताने, कोणी म्हणे अंगातला सगळा जोर लाव. सैल राहिली तर निशाणा चुकतो, फार आवळली तर आटे खरवडतात. हे सगळं तो मला जेवताना ऐकवायचा. त्याच ओघात एका रात्री म्हणाला, की दोन्ही भाग एकमेकांना पक्के टेकले नाहीत, मध्ये केसाएवढी फट राहिली, तरी काडतूस मागून फाटू शकतं आणि सगळा जाळ गोळी झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. मी हातातला घास ताटात ठेवला. त्याने मला समजावलं की बॅरल हाताने बसवून, गेज लावून, माप तपासून झालंय. आता फक्त उघडून ग्रीस लावायचं आणि पुन्हा आवळायचं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सासूबाई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या. त्यांनी ड्रिल, पाने, गाडी, सगळ्यांची पूजा केली, आणि दोन तुकड्यांत पडलेल्या रायफलीचीही. ओलं कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. पूजेतल्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून नवऱ्याने दसऱ्याला सकाळी फडक्याने कुंकू पुसलं आणि बॅरल बसवली. ठरावीक जोर लागला की टक्क वाजणारा पाना असतो. तो वाजला. आकडा आला, काम संपलं, असं म्हणून त्याने हात धुतले.

दुपारी तो गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर निघाला, तशी मीही निघाले. घरी बसून फोनची वाट बघणं मला जमलं नसतं. रेंजवर त्याने चष्मा लावला, रायफल टेबलावर टेकवली आणि हातात काडतूस घेतलं. त्याचा गाल रायफलीला टेकणार ती जागा मी बघत होते. बघता बघता मला सासूबाईंचं बोट आठवलं. ते अ‍ॅक्शनच्या गोल भोकात आतपर्यंत गेलेलं मी पाहिलं होतं.

"थांब," मी म्हणाले. "आईंनी आतूनही कुंकू लावलंय. अक्षतांसकट. तू आतून पुसलंस?"

"थोडंफार असेल तर त्याचा चुरा झाला असेल गं. टॉर्क बरोबर आलाय, पाना वाजला ना."

"कुकरच्या रिंगला शीत चिकटलं तरी झाकण घट्टच लागतं. मग वाफ कुठून जाते?"

तो चिडला, पण काडतूस खाली ठेवून त्याने पिशवीतून गेज काढलं. तो काडतुसाच्या आकाराचा पोलादी तुकडा असतो. तो आत घातला की रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागची सरकती कडी, बंद होता कामा नये. झाला तर आत फट आहे. त्याने तुकडा आत सरकवला आणि एका बोटाने बोल्ट दाबला.

तो बंद झाला. अगदी अलगद. त्याने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा बंद झाला.

मी तिथेच सिमेंटवर बसले. त्याच्या ओठावर घाम आला होता.

घरी येऊन त्याने बॅरल पुन्हा उघडली. दोन भाग जिथे टेकायचे तिथे एक लालसर पापुद्रा चिकटला होता. कुंकू आणि तांदूळ दाबले जाऊन दगडासारखे झालेले. त्याने तो नखाने सोडवून तळहातावर घेतला. तेवढ्यात सासूबाई चहाचं विचारायला आल्या आणि त्याने मूठ मिटली.

उघडी रायफल पाहून त्या म्हणाल्या, "झालं का रे नीट? परवा तू म्हणालास ना, दारू पेटते ती इथे, आत. तुझ्या तोंडाच्या इतकी जवळ. म्हणून मी मुद्दाम बोट घालून आत लावलं हो."

"हो आई. नीट झालं. तू चहा टाक, मी आलोच."

त्या आत गेल्या तरी त्याने मूठ उघडली नाही. मी त्याचा हात धरला.